शेवटचा पिंग

ऑफिसात माझं काम मॉनिटरिंगचं. म्हणजे शे-दीडशे सर्व्हर दर मिनिटाला "मी आहे, मी आहे" असा एक पिंग पाठवतात आणि तो आला नाही की रात्री तीन वाजता माझा फोन वाजतो. बायकोच्या मते मी इंजिनिअर वगैरे काही नसून पगारी रखवालदार आहे. असेन. पण या रखवालदारीत एक सवय लागते. पिंग थांबला की आधी बघायचं, थांबण्यापूर्वी तो कसा वागत होता? हळूहळू दमत गेला, की चांगला चालता चालता एकदम गप्प झाला? दोन्हींची कारणं वेगळी असतात.

हीच सवय घेऊन एके दिवशी मी एका गरुडाचा नकाशा बघत बसेन असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

तर झालं असं, की २०१७ ते २०१९ अशी दोन वर्षं मी एडिंबऱ्याला ऑनसाईट होतो. ऑनसाईट गेलेल्या मराठी माणसाचे पहिले तीन महिने पोहे कुठे मिळतात ते शोधण्यात आणि प्रत्येक किमतीला पंच्याऐंशीने गुणण्यात जातात. ते संपले की शनिवार-रविवार खायला उठतात. मी डोंगर धरला. पुणेकराला जसा सिंहगड तसे एडिंबरेकरांना पेंटलंड हिल्स. ४४ नंबरची बस पकडायची, बालर्नोला उतरायचं आणि चालत सुटायचं. आपल्या सह्याद्रीपुढे टेकड्याच त्या, पण वारा असा की बोलती बंद.

२०१८ च्या जानेवारीत याच टेकड्यांवर एक तरुण सोनेरी गरुड फिरत होता. आदल्या वर्षी दक्षिणेला बॉर्डर्सच्या भागात जन्मलेला. त्याच्या पाठीवर उपग्रहाला सिग्नल देणारा टॅग होता आणि लोकांनी त्याचं नाव फ्रेड ठेवलं होतं. २१ जानेवारीला बालर्नोच्या बाजूला त्याचा सिग्नल एकदम बंद पडला. इथवर ठीक, यंत्र आहे, बिघडतं. पण काही दिवसांनी तोच टॅग पुन्हा बोलू लागला. कुठून? सेंट अँड्र्यूजच्या पलीकडे, उत्तर समुद्रातून. सोनेरी गरुड हा डोंगरातला पक्षी, तो काही हवापालट करायला समुद्रावर जात नाही.

बातमी आली त्या दिवशी माझ्या शेजारच्या डेस्कवरच्या सहकाऱ्याने ती माझ्या स्क्रीनवर पाहिली. नकाशावरचे ठिपके पाहिले, काही बोलला नाही, कॉफी आणायला निघून गेला. मीही काही बोललो नाही. आम्ही दोघं का बोललो नाही, ते सांगायलाच हा लेख लिहितोय. पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी.

शूटिंग म्हटलं की आपल्याला फिल्मसिटी आठवते. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये शूटिंग म्हणजे बंदूक, आणि त्यातलं सगळ्यात प्रतिष्ठेचं म्हणजे रेड ग्राऊसचं. ग्राऊस हा कोंबडीच्या जातकुळीतला, तपकिरी-लालसर, माळावर राहणारा रानपक्षी. १२ ऑगस्टला त्याचा हंगाम उघडतो आणि १० डिसेंबरला संपतो. खानदानी प्रकारात शिकारी पक्ष्याच्या मागे जात नाही, पक्षी शिकाऱ्याकडे आणला जातो. माणसांची एक लांब रांग झेंडे फडकवत, ओरडत माळावरून चालत येते. आपल्याकडच्या जुन्या शिकारकथांत हाकारे घालतात ना, अगदी तेच. समोर दगडी लपणींमध्ये आठ-नऊ बंदूकवाले उभे असतात. ग्राऊसचे थवे जमिनीलगत, भन्नाट वेगाने त्यांच्या डोक्यावरून जातात आणि मग बार उडतात.

आता गंमत बघा. हे पक्षी पोल्ट्रीत वाढवून सोडलेले नसतात, रानातच वाढलेले असतात. पण दिवसाला शेकडो पक्षी पाडायचे तर माळावर ते नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त असावे लागतात. म्हणून इस्टेटी गेमकीपर ठेवतात. तो हेदर नावाच्या झुडपांचे पट्टे आळीपाळीने जाळतो म्हणजे ग्राऊसना कोवळे कोंब मिळतात, कोल्हे आणि कावळे मारतो, आणि हे सगळं कायदेशीर आहे. एका दिवसाच्या शिकारीला पाहुणे हजारो पौंड मोजतात. हंगामात किती जोड्या मिळाल्या यावर पुढच्या वर्षीचं बुकिंगच नव्हे तर इस्टेटीची बाजारातली किंमतही ठरते. आपल्याकडे जसं 'तिकिटं किती क्लोज केलीस' यावर अप्रेझल ठरतं तसं तिकडे जोड्यांवर. आणि एकच आकडा सगळं ठरवायला लागला की माणसं काय काय करतात हे मी तुम्हाला सांगायला नको :-)

या आकड्याच्या आड येतात ते शिकारी पक्षी. सोनेरी गरुड, पेरेग्रीन ससाणा, बझर्ड, आणि सगळ्यात जास्त वैर कुणाशी असेल तर हेन हॅरिअरशी. हॅरिअर म्हणजे आपला भोवत्या. आपल्याकडे हिवाळ्यात सोलापूर, सासवडच्या माळरानांवर त्याचे भाऊबंद येतात, गवताच्या जेमतेम वरून तरंगत जाणारे. तिकडच्या हेन हॅरिअरचा नर फिकट राखाडी, पंखांची टोकं शाई लावल्यासारखी काळी. घरटं जमिनीवर, त्याच हेदरमध्ये. आणि तो ग्राऊसची पिल्लं खातो.

खातो म्हणजे खरंच खातो, ही काही गेमकीपरांची थाप नाही. लँगहोम नावाच्या माळावर १९९२ पासून पाच वर्षं याचा रीतसर अभ्यास झाला. शिकारी पक्ष्यांना कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. हॅरिअरच्या घरटी करणाऱ्या माद्या २ होत्या त्या १९९७ पर्यंत २० झाल्या आणि ग्राऊस इतके घटले की तिथली हाकाऱ्यांची शिकार बंद करावी लागली. पुढे असंही दिसलं, की घरट्यापाशी मेलेली कोंबडीची पिल्लं आणि उंदीर ठेवले तर हॅरिअर ग्राऊसच्या पिल्लांना फारसा त्रास देत नाही. पण त्यानेही ग्राऊस काही हवे तितके वाढले नाहीत. आणि शिकार बंद झाल्यावर गेमकीपर गेले, कोल्हे वाढले, तेव्हा जमिनीवर घरटी करणारे हॅरिअरही पुन्हा दोन-चारवर आले. म्हणजे दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचा पुरावा एकाच माळावर मिळाला. असे प्रश्न सगळ्यात अवघड असतात.

फक्त एका बाबतीत वादाला जागा नाही. १९५४ च्या कायद्यापासून ब्रिटनमध्ये जवळजवळ सगळ्या शिकारी पक्ष्यांना मारणं गुन्हा आहे. तरीही ते मारले जातात. बंदुकीने, सापळ्याने, विष घातलेल्या आमिषाने. कार्बोफ्युरान या कीटकनाशकावर तिथे २००१ साली बंदी आली, तरी पुढे कित्येक वर्षं मेलेल्या गरुडांच्या पोटात तेच सापडत राहिलं.

शेजाऱ्याची आणि माझी मैत्री झाली ती ऑफिसच्या किचनमध्ये, माझ्या डब्यातल्या थालीपिठावरून. बोलता बोलता कळलं की त्याचे वडील गेमकीपर. एडिंबऱ्यापासून दीड-दोन तासांवर एक इस्टेट आहे तिथे. मी डोंगरवेडा हे त्याला माहीत होतं. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी त्याने विचारलं, "हाकाऱ्यांमध्ये एक माणूस कमी आहे, येतोस?" रोजाचे पैसे मिळतात म्हणाला. माझ्या व्हिसावर दुसरी मजुरी चालणार नव्हती, त्यामुळे मी बिनपगारी हाकारी झालो. सँडविच तेवढं इस्टेटीचं.

खोटं कशाला बोलू, दिवस अप्रतिम होता. हेदर फुललेलं, डोंगरच्या डोंगर जांभळे. आमच्या रांगेत कॉलेजची पोरं होती, एक निवृत्त पोस्टमन होता, गावच्या शाळेतली एक बाई होती. काठीला खताच्या पोत्याचं प्लॅस्टिक बांधलेले झेंडे. चिखलात मी दोनदा पालथा पडलो, दोन्ही वेळा पोस्टमननेच उचललं. शेजाऱ्याचे वडील रांगेच्या मध्यावर, हातात वॉकीटॉकी, कुत्री त्यांच्या नुसत्या शिट्टीवर वळत होती. त्या माळावरचा प्रत्येक ओहोळ त्यांना पाठ होता. कुठे टिटवीने अंडी घातली होती, कुठे कोल्ह्याची वाट आहे, सगळं.

संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा घेताना त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे शिकार चालते का? मी म्हटलं, १९७२ च्या कायद्यानंतर नाही. पण आमच्याकडचे सगळ्यात मोठे पक्षितज्ज्ञ, सालिम अली, लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडून बसले. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून ती ओळखायला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून सगळं सुरू झालं. ही गोष्ट त्यांना फारच आवडली. "बघ!" ते मुलाला म्हणाले, "बंदूक धरल्याशिवाय पक्षी कळत नाही." मला ते पटलं नाही, पण त्या माणसाला पक्षी कळत होता यात शंका नव्हती.

मग मी एक प्रश्न विचारला. अगदी निरागसपणे, शपथेवर सांगतो. पुण्यात आपण कुठेही मान वर केली की घार दिसते. लकडी पुलावर, कचरा डेपोवर, कंपनीच्या गच्चीवर. आणि आज आठ तास उघड्या माळावर चाललो, आकाश एवढं मोठं, पण वर एकही घिरट्या घालणारा पक्षी दिसला नाही. म्हणून विचारलं, "इथे गरुड, ससाणे नाहीत का?"

स्वयंपाकघरात एकदम शांतता झाली. शेजाऱ्याच्या आईने उगाच किटली पुन्हा भरली. वडील म्हणाले, "असतात. येतात, जातात." थोड्या वेळाने म्हणाले, "लोक बरंच काही बोलतात. करत असेल कुणी कुठे. आमच्याकडे नाही."

परतीच्या ट्रेनमध्ये शेजारी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग आपणहून म्हणाला, "मी नऊ-दहा वर्षांचा असेन. शेडमध्ये एक पोतं होतं. मी उघडून पाहिलं. राखाडी पक्षी होता, पंखांची टोकं काळी." तो थांबला. "आईने पाहिलं. ओरडली नाही. म्हणाली, शाळेत बोलू नकोस, घर जाईल."

घर जाईल म्हणजे काय हे मला आधी कळलंच नाही. गेमकीपरचं घर इस्टेटीचं असतं. नोकरी गेली की घर गेलं, मुलांची शाळा गेली, आणि ज्या माळावर तीस वर्षं घातली तो माळही गेला. 'पक्षी मार' असं मालक कधी म्हणत नाही. लेखी तर नाहीच नाही. तो फक्त विचारतो, यंदा किती जोड्या मिळतील?

"कुणाला सांगणार नाहीस ना?" शेजाऱ्याने विचारलं. मी म्हटलं, नाही. वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट, पुरावा काही नाही, आणि दुपारीच त्या माऊलीने मला घरचा जॅम बांधून दिलेला.

आणि मग पाच महिन्यांनी फ्रेड.

त्या रात्री घरी येऊन मी वाचायला बसलो. मी नोकरीवर रुजू झालो त्याच सुमारास, मे २०१७ मध्ये, स्कॉटिश सरकारने एक अहवाल जाहीर केला होता. २००४ ते २०१६ या काळात स्कॉटलंडमध्ये टॅग लावलेल्या १३१ सोनेरी गरुडांचं काय झालं याचा हिशोब. त्यातले ४१ संशयास्पदरीत्या गायब झाले होते. जवळजवळ तिसरा हिस्सा.

अहवाल लिहिणाऱ्यांची पद्धत बघून माझ्यातला रखवालदार खूश झाला. गरुड आपल्या मरणाने मेला तर टॅग मरत नाही. तो जमिनीवर पडून पिंग देत राहतो, माणसं जाऊन मृतदेह आणि टॅग दोन्ही घेऊन येतात. टॅग म्हातारा झाला तर बॅटरीचा व्होल्टेज घसरत जातो, पिंग विरळ होत जातात, म्हणजे मरणाची आगाऊ सूचना मिळते. हे ४१ यातले नव्हते. कालपर्यंत ठणठणीत आणि आज शून्य. ना टॅग, ना पीस.

आता कुणी म्हणेल, बॅच खराब असेल. आम्हीही हेच म्हणतो, व्हेंडरवर ढकलायचं असलं की :-) पण खराब बॅचचे टॅग कुठेही बंद पडायला हवेत. हे ठरावीक डोंगरांवर पुंजक्यापुंजक्याने बंद पडत होते, आणि त्यातले बरेच पुंजके ग्राऊसच्या माळांवर होते. पवनचक्क्यांचाही संशय तपासला गेला, तिथे काही संबंध आढळला नाही. यंत्राला खाली कुणाची इस्टेट आहे हे कळत नाही. कळतं ते माणसाला.

२०१९ साली हॅरिअरचाही असाच हिशोब 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला. टॅग लावलेले ५८ हॅरिअर, त्यातले ७२ टक्के बेकायदा मारले गेलेले किंवा तशी दाट शक्यता असलेले. ग्राऊसच्या माळांचं प्रमाण जास्त असलेल्या भागात त्यांच्या मरण्याची वा गायब होण्याची शक्यता दहापट. २०१३ साली तर अख्ख्या इंग्लंडमध्ये हॅरिअरचं एकही पिल्लू घरट्यातून उडालं नव्हतं. इंग्लंडात, जिथे ३०० च्या वर जोड्या सहज मावतील असं शास्त्रज्ञ सांगतात.

मारणाऱ्यांनाही टॅग कळायला लागले होतेच. २०२० मध्ये पर्थशरमधल्या ब्रान नदीच्या काठाशी एका फिरायला आलेल्या माणसाला एक वस्तू सापडली. २०१६ साली त्याच भागातून गायब झालेल्या गरुडाचा टॅग. शिशाच्या पत्र्यात व्यवस्थित गुंडाळलेला. शिशातून सिग्नल बाहेर पडत नाही हे माहीत असल्याशिवाय कुणी असं करत नाही. दुसऱ्या एका प्रकरणात हॅरिअरच्या पाठीवरचा टॅग चक्क कापून एका कावळ्याच्या पाठीवर चढवलेला निघाला, म्हणजे पिंग येत राहावेत आणि सगळ्यांना वाटावं पक्षी जिवंत आहे. आमच्या भाषेत याला स्पूफिंग म्हणतात. मी अकरा वर्षं या धंद्यात आहे, इतकं हुशार आणि इतकं हलकट स्पूफिंग मी पाहिलेलं नाही.

मग लोक पकडले का जात नाहीत? एक तर माळ निर्मनुष्य. साक्षीदार म्हणजे मारणारा आणि त्याचा कुत्रा. छुपे कॅमेरे लावले तर पुरावा टिकेलच असं नाही. मोरे परगण्यात २०१३ साली घरट्यावरून उठलेल्या मादी हॅरिअरला गोळी घातल्याची अख्खी चित्रफीत होती, पण ती ज्या पद्धतीने घेतली त्यामुळे कोर्टात चालणार नाही म्हणून सरकारी वकिलांनी २०१७ मध्ये खटलाच सोडून दिला. स्कॉटलंडमध्ये शिकारी पक्षी मारल्याबद्दल पहिल्यांदा कुणी तुरुंगात गेलं ते २०१५ साली. एक गेमकीपर, चार महिने. त्याचा मालक नव्हे.

पण खरा आडोसा कॅमेऱ्याचा वा कोर्टाचा नाही, हे मी त्या स्वयंपाकघरात पाहिलं होतं. रांगेतला पोस्टमन, शाळेतली बाई, लपणीतले डॉक्टर-वकील पाहुणे. यातल्या बहुतेकांनी आयुष्यात गरुडाला खडाही मारला नसेल. २०२० मध्ये शूटिंगवाल्यांच्या मोठ्या संघटनांनी एकत्र येऊन जाहीर केलं, की हे प्रकार आम्हाला अजिबात मान्य नाहीत. चांगलं आहे. पण कुठल्या माळावर वर कधीच काही दिसत नाही हे त्या भागात फिरणाऱ्यांना माहीत असतं. तरी कुणी बोलत नाही. का? तर तो आपला माणूस असतो. त्याने आपल्याला चिखलातून उचललेलं असतं.

हे मला इतकं नीट कळतं कारण मीही तेच केलं. आणि ऑफिसातही करतो. एक अलर्ट रोज खोटा वाजायचा, आम्ही पाच जणांनी तो म्यूट करून ठेवला होता. ज्याने तो भाग लिहिला तो मित्र, त्याला कशाला लाजवा. पुढे तो एकदा खरा वाजला तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं. निस्तरायला तीन रात्री गेल्या. फरक इतकाच, की आमचा डेटा बॅकअपमधून परत आला.

समाजाने ठरवलं तर हे थांबतं, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. २०१२ साली नागालँडमध्ये दोयांग जलाशयापाशी अमूर ससाणे जाळ्यांनी हजारोंच्या संख्येने धरले आणि विकले जात होते. गावाची ती कमाई होती. बोभाटा झाला, पण नुसत्या बोभाट्याने भागलं नाही. ग्रामसभा, चर्च, स्वतः जाळी लावणारे एकत्र बसले आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, पांग्ती गावाने जाळी गुंडाळून ठेवली. हेच पक्षी पुढे आफ्रिकेला जाताना आपल्या डोक्यावरून जातात, नोव्हेंबरच्या आसपास लोणावळ्याला थांबतात. पोट ज्यांचं त्यावर होतं त्यांनी एका वर्षात सोडलं. आणि इकडे ज्यांचा तो छंद आहे त्यांना सत्तर वर्षं पुरली नाहीत, असं मी एकदा शेजाऱ्याला चिडून म्हणालो होतो. तो म्हणाला, "छंद मालकाचा. पोट माझ्या बापाचंच आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर शेवटी दिलं ते त्या ४१ न आलेल्या पिंगांनी. २०१७ च्या अहवालानंतर सरकारने समिती नेमली, तिचा अहवाल २०१९ च्या अखेरीस आला, आणि मार्च २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने कायदा केला. आता ग्राऊसची शिकार करायची तर परवाना लागतो. माळावर शिकारी पक्षी मारल्याचं दिसलं तर परवाना जाऊ शकतो, आणि त्यासाठी फौजदारी खटल्याइतका पक्का पुरावा लागत नाही. त्याच वर्षी परवान्यात इस्टेटीचा किती भाग धरायचा यावरून वकिलांचं घमासान झालं, पळवाट ठेवली म्हणून टीकाही झाली. इंग्लंडमध्ये असा परवाना अजून नाही. पण मुख्य गोष्ट घडली. धोका पोत्यापासून वर सरकून मालकाच्या टेबलापर्यंत गेला.

त्या वर्षीच्या दिवाळीत शेजाऱ्याचा मेल आला. दर दिवाळीला येतो, थालीपिठाची आठवण म्हणून. त्यात शेवटी लिहिलं होतं, "बाबा पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. परवा मालकाने फोन करून विचारलं, माळावर गरुड दिसतात का? बाबा म्हणाले, चाळीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला."

मी लगेच उत्तर लिहायला घेतलं. विचारायचं होतं, मग बाबांनी काय सांगितलं? दिसतात का? आणि त्या पोत्याबद्दल आता तरी कुणाशी बोलणार का? दोन्ही प्रश्न लिहिले, खोडले, आणि "दिवाळीच्या शुभेच्छा, आईंना नमस्कार" असं पाठवून दिलं.

आणि हो, एवढं सगळं लिहून मी त्या इस्टेटीचं नाव लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. माझ्याही आलंय.

असो. फोन वाजतोय, कुठला तरी सर्व्हर गप्प झालेला दिसतोय. बघतो.